मामाच्या घराची किल्ली

आमच्या घरात देवळीशेजारच्या खुंटीला वीतभर लांबीची एक लोखंडी किल्ली टांगलेली आहे. घरच्या कुठल्याच कुलपाला ती लागत नाही. ती हुपरीच्या घराची किल्ली. हुपरी हे माझे आजोळ. मामेभाऊ चांदीच्या धंद्यापायी परमुलखात स्थिरावले, मामा-मामी २०१४ साली चार महिन्यांच्या अंतराने गेली आणि घराला कुलूप लागले. निघताना थोरल्या मामेभावाने किल्ली आईच्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "आत्ती, तुझंच घर हाय. ध्यान असू दे." आईने ती किल्ली डोळ्याला लावली आणि पदराच्या गाठीला बांधली.

तेव्हापासून वर्षातून दोन खेपा मी हुपरीला जातो. एक मृग निघायच्या आधी आणि दुसरी दसऱ्यानंतर, पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते त्या सुमारास. आजकाल गावोगाव, गल्लोगल्ली एखादे तरी कुलूपबंद घर असतेच. कुणाचा मुलगा पुण्याला, कुणाची म्हातारी लेकीकडे. म्हणून या दहा-अकरा वर्षांत मी जे चुकतमाकत शिकलो ते वाचकांना सांगावेसे वाटते.

चांदीचे गाव

हुपरी हातकणंगले तालुक्यात येते. कोल्हापूरहून वीस-एक किलोमीटर, इचलकरंजीहून त्याहून जवळ. दक्षिणेकडे थोडे सरकले की कर्नाटकाची हद्द लागते. गावाभोवती सगळा उसाचा मुलूख. हुपरी-यळगूडच्या शिवारात जवाहर शेतकरी सहकारी साखर कारखान्याचे धुराडे लांबूनच दिसते. हंगामात रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, हवेत मळीचा वास. इथवर आपल्या कोणत्याही बागायती गावासारखेच गाव.

पण गल्लीत शिरले की कानावर वेगळाच आवाज येतो. टक टक, टक टक. घराघरांतून चांदीचे काम चाललेले असते. चांदी मुशीत आटवायची, तिची कांब करायची, कांबीची तार ओढायची, तारेच्या कड्या वळायच्या, कडीत कडी गुंतवून डाक द्यायचा, घुंगरे बसवायची आणि शेवटी उजाळा द्यायचा. एक पैंजण तयार होईतो कितीतरी हातांखालून जाते. एका घरात तार, दुसऱ्या घरात कड्या, तिसऱ्या घरात घुंगरे. शेतातली भांगलण उरकून आलेल्या बायाही दुपारी चिमटा घेऊन कड्या जोडायला बसतात. आजूबाजूच्या खेड्यांतूनही हे काम चालते. आपल्या लेकीबाळींच्या पायांतली पैंजणे, जोडवी, तान्ह्या पोरांचे वाळे, कमरेचा करदोडा यांतले बरेचसे याच गावच्या हातचे असते.

माल घडवला की तो विकायला जायचे. पिशवी घेऊन हुपरीची माणसे देशातल्या लांबलांबच्या शहरांत गेली. कुणी महिना-दोन महिन्यांनी परतत राहिला, कुणी तिकडेच खोली घेतली, मग बायका-मुले नेली, मुले तिकडच्या शाळेत घातली. आणि इकडे एकेका दाराला कुलूप चढले. २०२५ साली चांदीने किलोला एक लाखाचा टप्पा मागे टाकला, पण चांदीचा भाव वाढला म्हणून कुलपे उघडली असे काही झाले नाही.

हे एकट्या हुपरीचे नाही. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाई कारागीर सोने-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पसरले आहेत. त्यांच्या गावीही घरे बंद असतात आणि यात्रेला, लग्नसराईला उघडतात. कोकणात गणपतीला चाकरमानी आले की वर्षभराचे कुलूप निघते. २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ३३ कोटी घरांपैकी अडीच कोटींच्या आसपास घरे रिकामी आढळली होती. जपानसारख्या श्रीमंत देशात तर २०२३ च्या पाहणीत ९० लाख घरे रिकामी निघाली, म्हणजे दर सात घरांतले एक. तिथे २०१५ पासून कायदाच लागू आहे की मोडकळीला आलेले रिकामे घर मालकाने सावरले नाही तर त्याची करातली सवलत काढून घ्यायची. म्हणजे बंद घर ही मालकाची एकट्याची बाब नव्हे, शेजाऱ्याचीही आहे, हे जगाला कळून चुकले आहे. मला ते हुपरीतल्या शेजारच्या आक्कांनी शिकवले.

"घर तुमचं रडतंया"

आजोबांनी हे घर संस्थानच्या काळात, १९४९ साली कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन व्हायच्या आधी, स्वतःच्या कमाईतून बांधले. बाहेर कट्टा, आत सोपा, माजघर, स्वयंपाकघर, मागे परडे आणि आड. सोप्याच्या डाव्या हाताला कामाची खोली. खांब-तुळया सागवानी, भिंती मातीच्या, वर कौले. उत्तरेची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक.

पहिले वर्ष मी वेळेवर गेलो. दुसऱ्या वर्षी, २०१६ ला, आमच्या उसाच्या भरणीची घाई होती. म्हटले, एक खेप चुकली तर काय बिघडते? दसऱ्यानंतर गेलो तर आक्का कट्ट्यावरच उभ्या. म्हणाल्या, "या पावनं, या. घर तुमचं रडतंया आन् भित आमची भिजतीया. आमच्या नातवाची खाट दोन म्हैनं झालं मी भितीपासनं लांब वढलीया."

आत जाऊन पाहिले. माकडांनी की मांजरांनी, चार कौले सरकवली होती. फक्त चार. त्या फटीतून पावसाळाभर पाणी तुळईच्या टोकावर ठिबकले, तिथून सामाईक भिंतीत उतरले. मातीच्या भिंतीचे असे असते की कोरडी आहे तोवर ती शंभर वर्षे उभी राहते, पण एकदा आत पाणी मुरले की तिचा जोर जातो. चार कौलांचे काम मेमध्ये दोनशे-तीनशे रुपयांत झाले असते. तुळईचे टोक आणि दोन्ही बाजूंची भिंत धरून मला बेचाळीस हजार मोजावे लागले. आक्कांच्या बाजूचा गिलावाही आम्हीच करून दिला. तो करायलाच हवा होता.

नांदत्या घराला वरचेवर दुरुस्ती का लागत नाही आणि बंद घर इतक्या झटक्यात का खचते, याचा मी तेव्हा विचार केला. नांदत्या घरात चुलीचा धूर आढ्याला लागतो, त्याने लाकडाची कीड दूर राहते. दारे-खिडक्या उघडतात, वारा खेळतो, ओल सुकते. केरसुणी फिरते, म्हणून वाळवीची नळी बोटभर वाढायच्या आत दिसते. कुणीतरी वर बघते आणि म्हणते, अगं इथे ठिबकतंय. बंद घराला हे 'वर बघणारे' माणूस नसते. तेवढे माणूस आपण झालो की निम्मे काम झाले.

दोन खेपांचे काम

मृगाआधीच्या खेपेला मी गवंडी किंवा कौले परतणारा गडी सोबत नेतो. फुटकी कौले बदलायची, पन्हळीतला पाला काढायचा, भिंतीच्या बुडाशी माती चढली असेल तर ओढून पाण्याला वाट करून द्यायची. कौलात किंवा भिंतीच्या सांध्यात पिंपळाचे रोप उगवले असेल तर मुळासकट काढायचे. नुसते वरून खुडले तर मूळ आत जाडच होत जाते.

दसऱ्यानंतरच्या खेपेला घर दोन दिवस सताड उघडे ठेवायचे. ओल कुठे आली ते खडूने खुणावायचे. चौकटी, खांबांची बुडे, कपाटांची पाठ तपासायची. मातीच्या नळ्या दिसल्या की त्या मोडून औषध मारून घ्यायचे, आणि लाकूडफाटा, पोती, जुनी वर्तमानपत्रे भिंतीला टेकून कधी ठेवायची नाहीत. ती वाळवीची शिदोरीच.

निघताना दरवेळी तेच पाच-सहा नेम. विजेचा मेन स्विच बंद. गॅसची टाकी घरात ठेवायची नाही. पाण्याची पिंपे, घागरी रिकाम्या करून पालथ्या. साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डेंग्यूच्या डासांची पैदास होते आणि ताप शेजाऱ्यांच्या पोरांना येतो. आडाला लोखंडी जाळी आणि जाळीला कुलूप. धान्य, पेंड काही मागे ठेवायचे नाही, कारण धान्याला उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. आणि दुसरी किल्ली भरवशाच्या शेजाऱ्याकडे. वीजबिल घर बंद असले तरी येते, त्यातला स्थिर आकार चुकत नाही. थकले तर जोडणी तुटते आणि मग नवी घ्यायला खेटे. घरपट्टी, पाणीपट्टीचेही तसेच. मी एक शंभर पानी वही घातली आहे. प्रत्येक मामेभाऊ वर्षाला तीन हजार पाठवतो, खर्च तारखेनिशी वहीत आणि पावत्या मागच्या पिशवीत. सख्ख्या नात्यातही हिशेब लिहिलेला बरा असतो. पुढे ही वहीच आमच्या कामी आली.

चांदीची माती

२०१८ ला आणखी एक गोष्ट घडली. परड्याचे दार फोडून कुणीतरी आत शिरले. भांडी-कुंडी तशीच होती. पण कामाच्या खोलीतली जमीन हातभर खणून माती नेली होती! मला उमजेना. आक्का म्हणाल्या, "चाळीस वर्सं तुजं मामा हितं बसून कानस मारत हुतं. त्या मातीत काय कमी चांदी आसंल?"

चांदीच्या कामात कानशीचा बारीक भुगा उडतो तो जमिनीत बसतो. हुपरीचा कारागीर म्हणून आपल्या खोलीचा केरही टाकत नाही, साठवून ठेवतो. अशी माती धुऊन, गाळून तिच्यातले सोने-चांदी काढणाऱ्यांना झारेकरी म्हणतात. मामांची खोली आम्ही तशीच सोडली होती. चोराला आमच्या घराची किंमत आमच्याहून जास्त ठाऊक होती. तुमच्या गावात चांदीची माती नसेल, पण पितळेची भांडी, सागवानी चौकट, पाण्याची मोटार असेलच. घर बंद करताना प्रत्येक खोलीचे फोटो काढून ठेवावेत, म्हणजे काय गेले हे पोलिसांत सांगता तरी येते.

पुरातला निवारा

भिंत झाली, चोरी झाली, तेव्हा माझ्याही मनात आले होते, फुकाफुकी कशाला ही यातायात? मामेभावांना सांगावे, विकून टाका. आणि २०१९ चा ऑगस्ट उजाडला.

आमचे गाव शिरोळ तालुक्यात, नदीकाठी. पाणी चढू लागले तेव्हा पहिल्या दिवशी सगळे म्हणाले, येईल आणि ओसरेल. आईच म्हणाली, "किल्ली घे आन् चल हुपरीला." रस्ता बंद व्हायच्या आत आम्ही निघालो. आम्ही सहा जण, चुलत्यांकडची पाच, दोन म्हशी आणि एक रेडकू. त्या आठवड्यात कोल्हापूर, सांगलीचा काय हाल झाला ते सगळ्यांना माहीत आहे. पुणे-बंगळूर महामार्गसुद्धा कित्येक दिवस बंद होता. आम्ही मात्र सोळा दिवस मामांच्या घरात कोरड्या जमिनीवर निजलो. परड्यात म्हशी, चुलीवर भात, आणि वर परतलेली कौले. आक्कांनी पहिल्या रात्री भाकऱ्या धाडल्या. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. त्यानंतर विकण्याचा शब्द मी काढला नाही.

कागदावरचे नाव

पुरानंतर घराची पक्की दुरुस्ती करायचे ठरले. त्यासाठी मिळकत पत्रिका काढली, तर मालक म्हणून नाव आजोबांचे! आजोबा १९७१ साली वारले. पन्नास वर्षे कुणी वारस लावलेच नव्हते. घरपट्टीची पावती मामांच्या नावे येत होती, म्हणून सगळ्यांना वाटे, झाले की नाव. पण घरपट्टीची पावती म्हणजे कर भरल्याचा पुरावा, मालकीचा नव्हे.

वकिलांनी विचारले, आजोबांनी मृत्युपत्र केले होते? नाही. घर स्वकष्टाचे? हो. मग १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने आजी, मामा आणि तुमची आई, तिघांचा सारखा हिस्सा. आजीही मृत्युपत्राविना गेली, तिचा तिसरा हिस्सा पुन्हा मुलगा-मुलीत वाटला. म्हणजे निम्मे घर आईचे निघाले. पूर्वी राहत्या घरात भावांनी वाटणी केल्याखेरीज बहिणीला ती मागता येत नसे, ती अटही २००५ च्या दुरुस्तीने गेली. मामांच्या निम्म्यातही तीन मुलांबरोबर मुलीचा सारखा वाटा.

मी फोनवर हे थोरल्या मामेभावाला सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, "आत्ती हक्कसोड करील न्हवं?" मी आईकडे पाहिले. तिने फोन हातात घेतला. "मला इकून पैसं नकोत," ती म्हणाली, "पर किल्ली देताना तुझंच घर हाय म्हनलास. मग कागदावर बी म्हन की."

आठ दिवस फोन आला नाही. खरे सांगतो, मला वाटले, घर राहिले आणि नाते गेले. नवव्या दिवशी तो रात्रीच्या गाडीने स्वतःच आला. आल्या आल्या आईच्या पाया पडला आणि म्हणाला, "आत्ती, चुकलं माजं." मी खर्चाची वही पुढे ठेवली. त्याने ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. २०२२ साली मिळकत पत्रिकेवर पाचही वारसांची नावे लागली. आईचे, तिघा भावांचे आणि त्यांच्या बहिणीचे. आई आहे तोवर वाटणी नाही आणि विक्री नाही, असे सगळ्यांनी सह्यांनिशी लिहून ठेवले.

आपल्या वाचकांपैकी ज्यांचे घर गावठाणात आहे त्यांनी ग्रामपंचायतीतला नमुना ८ चा उतारा एकदा काढून बघावा आणि मयताचे नाव असेल तर वारसनोंदीचा अर्ज द्यावा. २४ एप्रिल २०२० पासून केंद्राच्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. मोजणीआधी चुन्याने हद्द आखतात. त्या वेळी घर बंद आणि मालक परगावी असेल तर हद्द शेजाऱ्याच्या बोटाने ठरते. परगावच्या मालकाने गावातल्या नातेवाइकाला कर भरायला, दुरुस्तीला, अर्ज द्यायला तेवढ्यापुरते मुखत्यारपत्र द्यावे. मुखत्यारपत्राने मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे. तेव्हा त्यावर कुणी घर 'विकत' घेऊ नये. आणि दुसरा कुणी मालकाला न जुमानता उघडपणे घरात बसला आणि बारा वर्षे तशीच गेली, तर मालकाचा ताबा मागायचा हक्कच जाण्याची भीती असते. घर आपले आहे एवढे म्हणून भागत नाही, ते मधूनमधून बघावे लागते.

पुन्हा धूर

दुरुस्तीनंतर पुढच्या दोन खोल्या एका कारागीर कुटुंबाला दिल्या. अकरा महिन्यांचा करार, लेखी आणि नोंदलेला. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने नोंदणीची जबाबदारी घरमालकावरच आहे. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला दिली. करारात एक कलम आमच्या गावचे म्हणून घातले, की घरात आटणीची भट्टी लावायची नाही आणि उजाळ्याचे तेजाब वापरायचे नाही, कारण वर सगळे सागवान आहे. कड्या जोडायला, घुंगरे बसवायला हरकत नाही. भाडे महिना अडीच हजार. ते घराच्याच खात्यात जाते आणि कौले, घरपट्टी, वीज त्यातून भागते. मामेभावांना आता पदरचे घालावे लागत नाहीत.

गेल्या दसऱ्यानंतर आईला घेऊन गेलो. ऐंशी ओलांडलेली बाई, पायरी चढताना माझा दंड धरते. कट्ट्यावर भंडाऱ्याने पिवळे झालेले यात्रेकरू पाणी पीत बसले होते. आतून टक टक आवाज येत होता. भाडेकरूची सून चूल पेटवत होती, धूर कौलांतून वर निघत होता. आक्का पलीकडून ओरडल्या, "आली का गं माहेरवाशीण?" आईने पदराने डोळे पुसले आणि मला म्हणाली, "किल्ली आणलीयास का?" म्हटले, आणली आहे, पण दार उघडेच आहे.

ती म्हणाली, "आसू दे. मृगाला लागंल."